माहूरला फिरायला

माहूरला फिरायला कुणी जात नाही. माहूरला माणूस जातो तो नवस फेडायला, लेकराचं जावळ काढायला, नवी सून आईच्या पायावर घालायला. आणि यातलं काहीच निघालं नाही तर नुसतंच रेणुकामाईच्या दर्शनाला. त्यामुळे उदगीरच्या अवधूतराव निटूरकरांनी, इयत्ता आठवी ते दहावी इतिहास, एका संध्याकाळी गल्लीत उभं राहून "आम्ही दोघं माहूरला फिरायला चाललोय" असं जाहीर केलं, तेव्हा गल्लीनं त्यातलं फिरणं तेवढं बाजूला ठेवलं आणि माहूर तेवढं उचललं. इथूनच सगळा घोळ झाला. नाहीतर अवधूतराव तसा साधा माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

फिरायचं खूळ मुळात त्यांचं नव्हतंच, त्यांच्या बायकोचं होतं. विशाखाताई तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. दिवसभर दुसऱ्यांचे कागद इकडून तिकडं. संध्याकाळी कुकर लावला की त्या मोबाईलवर एक बाई बघायच्या. कुठल्या तरी परदेशातल्या डोंगरावर जुनं गाव, दगडी गल्ल्या, पडका तट, आणि त्या गल्ल्यांतून ही बाई एकटी चालतेय. बोलत नाही, काही विकत घेत नाही, कुणाच्या घरी जात नाही. चालते, थांबते, बघते.

"बघा ना, तिच्या हातात काहीसुद्धा नाही," विशाखाताई एकदा म्हणाल्या.

अवधूतरावांना आधी वाटलं, हिला पर्स हवीय. पण तसं नव्हतं. लग्न झाल्यापासून विशाखाताई जिथं जिथं गेल्या, तिथं कुणाचं तरी काहीतरी घेऊनच गेल्या होत्या. पुण्याला गेल्या त्या दिराचं तूप आणि नणंदेच्या पापडाचं पिंप घेऊन. हैदराबादला गेल्या त्या मावससासऱ्यांचे एक्स-रे घेऊन. तुळजापूरला तर काय, अर्ध्या उदगीरचे खण-नारळ. त्यांना येताना विचारलं की काय बघितलं, तर सांगायला काही नसायचं. पिशवी सांभाळणाऱ्या बाईला पिशवीच दिसते.

हे ऐकून अवधूतरावांचं काळीज हललं. खरंच हललं. ते लगेच म्हणाले, "अगं, असं गाव आपल्याकडंही आहे! माहूर! डोंगर आहे, जुना किल्ला आहे, यादवांच्या काळापासूनचा. मी इतकी वर्षं शिकवतोय आणि किल्ल्यावर एकदाही पाय ठेवला नाही. आपण जाऊ. फक्त बघायला."

विशाखाताईंनी कुकर बंद केला. "एका अटीवर. कुणाचा एक नारळसुद्धा न्यायचा नाही."

"बिलकुल नाही," अवधूतराव म्हणाले. आणि आयुष्यात कुणालाही 'नाही' म्हणता न आलेला तो माणूस हे इतक्या ठामपणे म्हणाला की त्यांचं त्यांनाच भरून आलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मालविकाकाकू कुंपणाशी आल्या. हातात कापडी पिशवी.

"अवधूत, आईला चाललास म्हणे. माझी ओटी तेवढी ने बाबा. सुनेच्या नावाची आहे, सातवा लागलाय तिला. विशाखाच्याच हातानं भर म्हणावं. सवाष्णीच्या हातची हवी."

आता सांगा, सातवा महिना लागलेल्या सुनेच्या ओटीला कोण नाही म्हणेल? अवधूतरावांनी मान हलवली. ही मान त्यांनी 'नाही' अशी हलवायला सुरुवात केली होती असं त्यांचं आजही म्हणणं आहे, पण मध्येच ती फिरली.

मग समोरच्या सिद्धम्मा आल्या. वय झालेलं, कंबरेत वाकलेल्या, बिदरकडचं माहेर. घरात सगळा महादेवाचा कारभार. अवधूतरावांना धीर आला की यांचं तरी माहूरला काही नसेल. सिद्धम्मांनी पदराखालून नारळ काढला. "बेडा, नको असं म्हणू नको रे अप्पा. महादेव आमचा आहे, पर आई सगळ्यांचीच."

रजेसाठी मुख्याध्यापकांकडे गेले, तर आनंदराज सरांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "कारण काय लिहिलंय हे? 'प्रवास'? निटूरकर सर, प्रवास हे रजेचं कारण होत नाही. प्रवास म्हणजे जाणं. कशासाठी जाणं, ते कारण."

"बघण्यासाठी, सर."

"काय बघण्यासाठी?"

"माहूर."

"मग सरळ 'देवदर्शन' लिहा की राव! खामखा मला वर उत्तर द्यायला लावता." त्यांनी स्वतःच खोडून दुरुस्ती केली, सही ठोकली, आणि म्हणाले, "आमच्या मंडळींची पण ओटी आहे. उद्या आणून देतो. अन् येताना तांबूल आणा, तिथला कुटलेला विडा लई झकास असतो."

थोडक्यात काय, शुक्रवार उजाडेपर्यंत शाळेतलं अवधूतरावांचं कपाट नारळांनी भरलं. इतिहासाचे नकाशे बाहेर, नारळ आत. शिपायानं एकदा कपाट उघडलं आणि लगेच बंद केलं. बायकोला कळू न देता हे सगळं माहूरला पोचवायचं आणि तिला कळू न देता आईच्या चरणी घालायचं, अशी योजना होती. योजना उत्तम होती. अवधूतरावांनी आपल्या बॅगेतून स्वतःचे कपडे काढले, फक्त टॉवेल ठेवला, आणि खण-नारळ त्यात शिस्तीत बसवले. विशाखाताईंनी पाठीवर एक लहानशी झोळी घेतली. तीत पाण्याची बाटली आणि टोपी. त्या घराबाहेर पडल्या तेव्हा इतक्या हलक्या चालत होत्या की अवधूतरावांना त्यांच्याकडं बघवेना.

उदगीर-नांदेड गाडी मुखेडच्या पुढं आली आणि एका खड्ड्यात अशी आदळली की वरच्या फळीवरची बॅग उताणी झाली. चेन आधीच तक्रार करत होती, ती उसवली. पहिला नारळ एका गृहस्थाच्या पायावर पडला. मग बाकीचे निघाले. गाडी चढाला लागली की सगळे नारळ मागं, उताराला लागली की सगळे पुढं.

"अहो मास्तर, हे तुमचे का?" मागच्या बाकावरच्या माणसानं दोन्ही हातांत एकेक नारळ धरून विचारलं.

विशाखाताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. अवधूतराव म्हणाले, "नाही."

हे ते का म्हणाले? नंतर त्यांनी स्वतःलाच कितीदा विचारलं. बॅग त्यांची, बॅगेवर शाळेचं नाव, उघड्या तोंडातून आनंदराज सरांच्या मंडळींचा हिरवा खण लोंबतोय, आणि हे म्हणतात नाही.

गाडीतली माणसं मात्र सरळ. ज्याला सापडला त्यानं नारळ उचलून वाहकाकडे दिला. वाहकानं गळ्यातलं तिकिटाचं मशीन मागं टाकलं आणि पुकारा सुरू केला. "नारळ कुणाचे हायत? देवाचं सामान हाय बरं का! कुणाचे नसले तर नांदेडच्या मारुतीपुढं फोडतो!"

गाडीत आनंद पसरला. खोबरं मिळणार म्हणून दोनचार लोक सावरून बसले. मालविकाकाकूंच्या सुनेचा नारळ आता अनोळखी लोक खाणार हे डोळ्यापुढं आलं आणि अवधूतरावांना उठावं लागलं.

"माझे आहेत," ते म्हणाले.

"मगाशी तर न्हाई म्हणला!"

"मगाशी... मला वाटलं, दुसरे आहेत."

सगळी गाडी हसली. वाहकानं एकेक नारळ मोजून त्यांच्या हातात दिला, जसं काही वर्गातल्या मुलाला जप्त केलेल्या गोट्या परत देतोय. विशाखाताईंनी मान वळवून त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि परत बाहेर बघायला लागल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या.

माहूरला पोचेपर्यंत अवधूतरावांनी मनातल्या मनात बारा भाषणं तयार केली आणि एकही केलं नाही. मुक्कामाला भक्तनिवासात गेले तर तिथला मनुष्य विचारतो, अभिषेक आहे का, जावळ आहे का, कुळाचार आहे का? "काहीच नाही, फिरायला आलोय," असं विशाखाताईंनी सांगितल्यावर त्यानं त्यांना नीट न्याहाळलं आणि अवधूतरावांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?"

सकाळी विशाखाताई अंघोळ करून तयार. झोळी पाठीवर.

"मी किल्ल्यावर चालले."

"अगं, आधी दर्शन... म्हणजे त्या ओट्या... तू भरल्यास तर पटकन होईल, मग आपण दोघंही..."

विशाखाताई दारात थांबल्या. "मी भांडत नाहीये. पण मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली होती. आजपर्यंत कधी काही मागितलं नव्हतं. तुम्ही मालविकाकाकूंना नाही म्हणू शकला नाहीत, सिद्धम्मांना नाही म्हणू शकला नाहीत. नाही म्हणायला सोपी अशी मी एकटीच सापडले." त्यांनी झोळीचा पट्टा ओढून घेतला. "तुमचे नारळ संपले की या."

आणि त्या गेल्या.

अवधूतराव खाटेवर बसले. बॅगेकडे बघितलं. बॅग उघड्या तोंडानं त्यांच्याकडं बघत होती. खरं तर तेव्हाच बॅग तिथं टाकून तिच्या मागं पळायला हवं होतं. पण दिलेला शब्द, सुनेचा सातवा महिना, मुख्याध्यापक... त्यांनी बॅग खांद्यावर टाकली आणि गडाच्या पायऱ्यांकडे निघाले.

रांग मोठी. त्यांनी ठरवलं होतं की पुजाऱ्यांच्या हातात सगळं देऊन मोकळं व्हायचं. पुजाऱ्यांना ते चाललंही असतं. रांगेला चाललं नाही. मागून एक खणखणीत आवाज आला, "ओ भाऊ! ओटी गडीमाणूस भरतेत का कुठं?"

मुखेडकडच्या एका खेड्यातल्या गुणाबाई होत्या त्या. अंगानं भक्कम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एका हातात सासू, दुसऱ्या हातात पुरणाचा डबा. सासूचे गुडघे गेलेले.

"मालकीण कुठंय तुमची?"

"किल्ल्यावर गेलीय."

"किल्ल्यावर कोणता देव हाय?"

"देव नाही. बघायला गेलीय."

"अन् तुमाला नारळ देऊन गेली?" गुणाबाईंनी पुढच्या-मागच्या चार जणींना हे कळवलं. मग त्या चौघींनी आपापल्या पुढच्या-मागच्यांना. आपली इज्जत आता पायरी-पायरीनं वर चाललीय, हे अवधूतरावांना कळत होतं पण इलाज नव्हता. वरून कुणीतरी वाकून विचारलं, "बायको सोडून गेलेला मास्तर कोणता?" एका आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की रेणुकामाईकडं मागून बघा, ती परत आणते. एका बाईनं तर स्वतःच्या जावयाची हकिगत सांगितली, त्याचं असंच झालं होतं, पण तो दारू पिऊन राहिला होता.

"मी पीत नाही हो," अवधूतराव केविलवाणे झाले.

"मग कामून गेली?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? अवधूतरावांनी सांगायचा प्रयत्न केला. गाव, गल्ली, ओट्या, दिलेला शब्द. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की यात आपली बाजूच कुठं येत नाहीये.

गुणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आसं करा. तुमच्या समद्या ओट्या मी भरते. तुमी माझ्या सासूला धरून वर आणा. माझं खांदं गेलं कालपासून."

सौदा पटला. बॅग गुणाबाईंच्या डोक्यावर, सासूबाई अवधूतरावांच्या खांद्याला. म्हातारी वजनाला काहीच नव्हती, पण बोलायला भारी होती. दर दोन पायऱ्यांनी थांबायची आणि चौकशी करायची. तुमची मालकीण नोकरी करती का. स्वयंपाक कोण करतं. मग सुट्टीत ती काय करती. अवधूतराव उत्तरं देत गेले. सुट्टीत आपण कुठं ना कुठं कुणाचं तरी काम घेऊन जातो, एवढंच त्यांना आठवलं.

म्हातारी आणखी एक पायरी चढली. मग म्हणाली, "म्या बी गेले असते रं बाबा येकदा. पर जाऊन बघावं आसं काय आसतंय, तेच ठाव नव्हतं."

वर पोचल्यावर गुणाबाई ओट्या घेऊन आत शिरल्या आणि अवधूतरावांनी सासूबाईंना कठड्याशी टेकवलं. समोरच्या डोंगरावर किल्ल्याचा तट पसरलेला. ऊन चढलं होतं. तटावर कुठं कुठं माणसं दिसत होती, एवढीएवढीशी.

"दिसती का वं?" म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. "कोणतं लुगडं नेसलीय ती? सांग, म्या बी बघते. लांबचं चांगलं दिसतंय मला."

अवधूतरावांनी तोंड उघडलं. सकाळी ती दारात उभी होती. झोळी पाठीवर होती. टोपी होती. आणि... साडी होती की ड्रेस? हिरवा? निळा? ते आठवत राहिले. दारात ती चांगली पाच मिनिटं बोलत होती आणि तेवढा सगळा वेळ आपण बॅगेकडं बघत होतो. इतक्या वर्षांचा संसार, आणि समोर उभी असलेली बायको कोणत्या रंगाची होती हे सांगता येत नाही. त्यांना एकदम रडायलाच आलं. म्हातारीसमोर, गडावर, भर दुपारी. त्यांनी टॉवेल शोधला, तर तो नारळांबरोबर आत गेलेला.

"ती असंल बग," म्हातारीनं बोट दाखवलं. तटावर एकच आकृती बसली होती. कुणाचीही असू शकली असती. "येकटी बसलीय. आरामात हाय."

अवधूतराव त्या आकृतीकडं बघत उभे राहिले. गुणाबाई तांबूल घेऊन बाहेर आल्या, सगळ्या ओट्या भरल्याचं सांगितलं, "त्या पोटुशीच्या नावानं येगळं हात जोडले बरं का," असंही म्हणाल्या. अवधूतरावांनी त्यांना वाकून नमस्कार केला. गुणाबाई दोन पावलं मागं सरकल्या, म्हणाल्या, "अवं मास्तर, देवीला करा!"

ते रिक्षानं किल्ल्याच्या पायथ्याशी पोचले तेव्हा विशाखाताई उतरून येत होत्या. ड्रेस होता. मोरपंखी. नाक उन्हानं लाल, चपलांना माती, ओढणीत रस्त्यात घेतलेली बोरं. गाडीची वेळ झाली होती, आता वर जाणं शक्य नव्हतं. यादवांच्या काळापासूनचा किल्ला पुन्हा राहिला तो राहिलाच.

"मोरपंखी," अवधूतराव म्हणाले.

"काय?"

"काही नाही. छान दिसतोय." मग ते म्हणाले, "माझं चुकलं, विशाखा."

विशाखाताईंनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि ओढणी पुढं केली. दोघांनी उभ्याउभ्या बोरं खाल्ली.

"तू दर्शनाला वर जाऊन येतेस का? पुढची गाडी बघू."

"नको. आईला कुठं घाई आहे? तिच्यासाठी पुढच्या वेळी येईन. ह्या वेळी मी माझ्यासाठी आले होते."

"किल्ल्यावर काय बघितलंस?"

"सांगेन," त्या म्हणाल्या. पण परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत. खिडकीशी बसून मधूनच हसत होत्या. अवधूतरावांनी विचारलं नाही.

रविवारी उदगीरला रिक्षातून उतरतात तो गल्ली जमलेलीच. मालविकाकाकू, सिद्धम्मा, तांबूल न्यायला स्कूटरवर आलेले आनंदराज सर. अवधूतरावांनी प्रसाद वाटला. मालविकाकाकूंनी तो डोळ्यांना लावला आणि विशाखाताईंकडे वळल्या.

"विशाखा, कसं झालं गं दर्शन? आई कशी दिसली?"

विशाखाताईंनी अवधूतरावांकडं बघितलं. काही सुचवलं नाही, डोळा मारला नाही, नुसतं बघितलं. 'छान झालं' एवढे दोन शब्द पुरले असते. सगळं गोड झालं असतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि असे दोन शब्द बोलण्यात अवधूतरावांचा हातखंडा होता.

"विशाखा दर्शनाला गेली नव्हती," अवधूतराव म्हणाले. "ती किल्ला बघायला गेली होती. तिनं मला आधीच सांगितलं होतं, कुणाचं काही न्यायचं नाही म्हणून. मी तिला न विचारता तुम्हाला हो म्हणालो. यापुढं मला कुणी काही देऊ नका. मी नेणार नाही."

आनंदराज सरांनी स्कूटर बंद केली. मालविकाकाकूंचा प्रसादाचा हात तसाच राहिला.

"माहूरला जाऊन आईचं दर्शन नाही? अरे, मग ओट्या कुणी भरल्या?"

"गुणाबाईंनी."

"कोण गुणाबाई?"

"रांगेतल्या. सवाष्ण आहेत. तुमच्या सुनेसाठी त्यांनी वेगळे हात जोडले."

मालविकाकाकूंनी एकदा हातातल्या तांबुलाकडं बघितलं, एकदा विशाखाताईंच्या लाल नाकाकडं. "अन् तू दिवसभर केलंस काय गं?"

"फिरले."

"एकटीच?" हे सिद्धम्मांनी विचारलं.

"एकटीच."

सिद्धम्मा आपल्या पायरीवर बसल्या होत्या. त्या हळूच बाजूला सरकल्या आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला. "बस इथं. काय काय हाय तिथं, सांग."

विशाखाताई बसल्या. मालविकाकाकू आधी उभ्या राहिल्या, मग "आम्हाला काय, आमची ओटी पोचली," असं स्वतःशीच म्हणत त्याही टेकल्या. आणि विशाखाताई सांगायला लागल्या. दरवाजा केवढा आहे ते. आत गेल्यावर एकदम किती गार लागतं ते. तटावर बसलं की वारा कसा कानात शिरतो, खालचं जंगल कसं दिसतं, आणि तासभर कुणीच आपल्याला हाक मारत नाही तेव्हा सुरुवातीला कशी भीती वाटते आणि मग कशी वाटेनाशी होते ते. लग्नानंतर त्यांना इतकं सलग बोलताना अवधूतरावांनी ऐकलं नव्हतं.

"किल्ला निजामानं बांधला म्हणे," विशाखाताईंनी सांगितलं.

आनंदराज सरांनी चमकून इतिहासाच्या मास्तरांकडं बघितलं. अवधूतराव रिकामी बॅग धरून गल्लीत उभे होते. ते खाली पायरीवर बसले.

"बरं, मग?" ते म्हणाले. "पुढं काय झालं?"